अंधेरीतला लंबगोल चेंडू

मुलुंडहून अंधेरीला जायचं तर पूर्वी दादर गाठायचं, पूल चढून पश्चिम रेल्वेवर जायचं आणि तिथल्या गर्दीत पुन्हा उभं राहायला जागा शोधायची. ८ जून २०१४ ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि आम्हा मध्य रेल्वेवाल्यांसाठी अंधेरी एकदम शेजारची झाली. जेमतेम साडेअकरा किलोमीटर, बारा स्थानकं. एवढ्याशा मार्गाने दोन्ही बाजूंच्या उपनगरांतल्या कितीतरी नोकऱ्या, कॉलेजं, सोयरिकी जोडल्या. माझ्यापुरतं म्हणाल तर मला तिने एक मैदान जोडून दिलं: वीरा देसाई रोडवरचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. २०२५ च्या जूनमध्ये मी तिथे रग्बी बघायला गेले.

त्या वर्षी पाऊस घाईने आला होता. २६ मे लाच मुंबईत मान्सून दाखल झाला आणि जूनच्या मध्यापर्यंत नव्या छत्र्यासुद्धा जुन्या दिसायला लागल्या. सोबत माझी भाची होती. नववीत आहे, शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळते, घोट्याची पकड तिच्या हातात बसलेली आहे. गुडघ्यावरची एक खपली सुकायच्या आत दुसरी आलेली असते. आम्ही निघताना तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, विचारलं, "रग्बी? आपल्याकडे कोण खेळतं ते?"

हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकलाय. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते भाचीला मैदानावर बसून सांगावं असं मनात होतं.

दुपारची धीमी लोकल मिळाली, खिडकीसुद्धा मिळाली. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. घाटकोपरला उतरल्यावर मेट्रोच्या जिन्यापर्यंत आपण चालतो असं नाही, गर्दीच नेऊन सोडते. वर मात्र गार हवा आणि मोठ्या काचा, आणि काचेबाहेर रस्त्यावरून कधीच न दिसणारी उपनगरं. असल्फाची टेकडी आली. एकावर एक चढत गेलेली घरं आणि त्यांच्या निळ्या, पिवळ्या, गुलाबी भिंती. काही वर्षांपूर्वी स्वयंसेवक आणि रहिवाशांनी मिळून त्या रंगवल्या. मग साकीनाका, मरोळनाका, एअरपोर्ट रोड. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून गाडी केबलच्या पुलाने अलगद गेली, अंधेरीला पश्चिम रेल्वेचे रूळ पायाखाली राहिले, आणि पुढच्याच आझाद नगरला आम्ही उतरलो.

वीरा देसाई रोडवर पाणी साचलेलं नव्हतं हीच मोठी गोष्ट. संकुलाच्या फाटकाशी वेगवेगळ्या रंगांच्या जर्सी घातलेली पोरं, आईबाबांचा हात धरून आलेली लहान मुलं, ईशान्य भारतातून मुंबईत नोकरीला आलेल्यांचा एक घोळका, आणि गळ्यात शिट्ट्या अडकवलेले काही शाळांचे पी. टी. शिक्षक. हे संकुल महापालिकेचं. बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान ते चालवतं, आणि आमच्या मुलुंडचं कालिदास नाट्यगृह, तिथला तरणतलावही त्यांच्याकडेच. म्हणजे कालिदासमध्ये नाटक बघताना आणि इथे सामना बघताना मी एकाच अंगणात बसलेली असते. मला या मैदानाविषयी जिव्हाळा आहे त्यात याचाही वाटा असावा.

निमित्त होतं रग्बी प्रीमियर लीगचं. १५ ते २९ जून, सहा शहरांचे आणि प्रांतांचे संघ, आणि सगळे सामने याच एका मैदानावर. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू असलेली, 'सेव्हन्स' नावाची रग्बी. एरवी सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो, इथे चार-चार मिनिटांचे चार भाग केले होते. परदेशातले नावाजलेले खेळाडू होते, आयर्लंडच्या टेरी केनेडीसारखे, जो २०२२ चा जगातला सर्वोत्तम सेव्हन्स खेळाडू ठरला होता. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून आपली मुलं. मला आपल्या मुलांना बघायचं होतं.

रग्बी भारतात आली ती फार आधी. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात इंग्रजांनी आपसांत सामना खेळला: एका बाजूला इंग्लंडवाले, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. पण बंगालची हवा या खेळाला मानवेना, सभासद पोलोकडे आणि टेनिसकडे वळले, आणि १८७८ मध्ये क्लब बंद करायची वेळ आली. तेव्हा त्यांनी बँकेत शिल्लक होते ते चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवून इंग्लंडला पाठवून दिला. त्याच्या तीन मुठी नागाच्या आहेत, झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी त्या 'कलकत्ता कप'साठी भांडतात. आपल्या टांकसाळीतल्या रुपयांचा तो चषक, आणि त्यावर नाव कोरायला आपला संघ मात्र कधीच नव्हता. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

मुंबईत हा खेळ टिकला तो १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यामुळे. आझाद मैदानाच्या टोकाला ती लाकडी व्हरांड्याची इमारत आहे. १९३३ साली भारतातली पहिली क्रिकेट कसोटी तिथेच झाली. पावसाळ्यात त्याच हिरवळीवर रग्बी चाले, अखिल भारतीय स्पर्धाही होत. जिमखान्याच्या कुंपणाबाहेर, फॅशन स्ट्रीटच्या फूटपाथवरून जाणाऱ्या माणसाला चिखलात लोळणारे खेळाडू दिसायचे, एवढाच मुंबईकरांचा या खेळाशी संबंध. भारताच्या राष्ट्रीय संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट १९९८ मध्ये. त्या संघात अभिनेता राहुल बोस होता. २०२१ पासून तो राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष आहे. त्या जिमखान्याच्या व्हरांड्यापासून वीरा देसाई रोडवरच्या या पालिकेच्या गॅलरीपर्यंत यायला खेळाला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. उपनगरात आलेला खेळ वेगळाच दिसतो. इथे सभासदत्व लागत नाही, मेट्रोचं तिकीट पुरतं.

सामना सुरू झाला आणि भाची पहिल्या मिनिटाला उठून उभी राहिली, ती मग बसलीच नाही. कबड्डी खेळणाऱ्याला रग्बी समजावून सांगावी लागत नाही. धावत येणाऱ्याच्या कमरेखाली झेपावायचं, दोन्ही हातांनी कवळायचं, पायांचा जोर काढून घ्यायचा. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "खाली जा, खाली जा, मांडीला धर." खांद्याच्या रेषेवर हात गेला की पंच शिट्टी मारतो हेही तिच्या लगेच ध्यानात आलं. तिला खटकलं ते पुढचं.

"सोडलं का त्याने? धरून ठेवायचं ना!"

कबड्डीत पकडलेल्याला मध्यरेषेला पोहोचू न देणं हेच काम. रग्बीत पाडल्याबरोबर पाडणाऱ्याने सोडायचं असतं आणि पडलेल्यानेही चेंडू सोडायचा असतो. त्या एका क्षणात चेंडू कोणाचाच नसतो. दोन्हीकडचे धावत येतात, पडलेल्याच्या अंगावरून एकमेकांना रेटतात आणि पायांवर उभं राहून जो चेंडू आपल्या बाजूला राखतो त्याचा डाव पुढे चालतो. चेंडू हाताने पुढे फेकायची बंदी, द्यायचा तर मागच्यालाच. त्यामुळे पुढे धावणाऱ्या प्रत्येकाच्या मागे, तिरक्या रांगेत, आपली माणसं हजर असावी लागतात. शेवटी गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडू हाताने जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. त्याला 'ट्राय' म्हणतात. मग दोन खांबांमधून लाथ मारून आणखी दोन मिळवता येतात. दंडाच्या लाथेचे तीन.

आम्ही बसलो होतो तिथून एक कोपरा अगदी हाताशी होता. बाजूरेषेबाहेर गेलेला चेंडू परत आत फेकतात तेव्हा दोन जण आपल्यातल्या एकाला उचलून हवेत धरतात, त्याने वरच्या वर तो झेलायचा. त्या उंच मुलाच्या मांड्यांना जाड चिकटपट्टीचे वेढे होते. भाचीने विचारलं, "लागलंय का त्याला?" तेवढ्यात त्याला उचलला, आणि उचलणाऱ्यांच्या मुठी बरोबर त्या वेढ्यांखाली बसल्या. ओल्या पायावरून हात सटकू नये म्हणून ती सोय. पाऊस पडत होता, चेंडू साबणासारखा निसटत होता, तरी त्याने तो दोन्ही तळव्यांत घेतला, खाली आला आणि कोण कुठे आहे ते न बघता मागे फेकला. मागे माणूस होता. मग त्याच्याही मागे होता. आमच्या समोरच्या कोपऱ्यात एक बारीक चणीचा भारतीय मुलगा पोटावर घसरत आला, त्याच्या पायाला कोणीतरी लोंबकळत होतं, आणि त्याने हात लांब करून चेंडू रेषेपलीकडे टेकवला. उठला तेव्हा हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत गवत चिकटलेलं. आम्ही दोघी ओरडत होतो, मागे बसलेले एक काका तर त्याचं नाव विचारत होते, कोणालाच ठाऊक नव्हतं.

कोणालाच ठाऊक नव्हतं. या मैदानावर मी हे एकदा आधी अनुभवलंय, वेगळ्या खेळात.

२०१८ च्या जूनमध्ये इथे फुटबॉलची इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धा झाली. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई. १ जूनला भारताने तैपेईला ५-० हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली, आणि ते बघायला स्टेडियममध्ये होते २५६९ प्रेक्षक. दोन कोटींच्या शहरात. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. हात जोडून त्याने विनवलं की आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराने लोकांसमोर असे हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. मला ते पाहवलं नाही. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या संध्याकाळी मी मुलुंडहून निघाले तेव्हा तिकिटं संपलेली होती. ओळखीच्या एकाने आपलं जादाचं तिकीट दिलं म्हणून आत जाता आलं.

असा पाऊस की समोरचा गोलरक्षक अंधुक दिसत होता. मैदानावर जागोजागी तळी, चेंडू टप्पा घेण्याऐवजी जागच्या जागी थबकायचा. आणि गॅलऱ्या भरलेल्या. बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन छेत्रीच्या सत्काराला आले होते. भारत ३-० ने जिंकला, दोन गोल छेत्रीचे, एक जेजेचा. कोणीही आडोशाला गेलं नाही. मग न्यूझीलंडकडून १-२ असा पराभव झाला, पण १० जूनच्या अंतिम सामन्यात पुन्हा केनिया समोर आला. आठव्या मिनिटाला अनिरुद्ध थापाच्या फ्रीकिकवर छेत्रीचा पहिला गोल, एकोणतिसाव्या मिनिटाला अनसने मागून दिलेला लांब चेंडू छातीवर घेऊन डाव्या पायाने दुसरा. २-०. त्या दोन गोलांनी त्याचे आंतरराष्ट्रीय गोल ६४ झाले, तेव्हा मेस्सीचेही तेवढेच होते. अंधेरीत, वीरा देसाई रोडवर, भारताच्या राष्ट्रीय संघाने आंतरराष्ट्रीय चषक उंचावला. मला तो विजय जितका खेळाडूंचा वाटला तितकाच भिजत उभ्या राहिलेल्या त्या हजारो माणसांचा वाटला. तेव्हापासून माझं पक्कं मत आहे की राष्ट्रीय संघ जिंकतो तेव्हा बघायला कोणी असणं ही शोभेची बाब नाही, तो विजयाचा अर्धा भाग आहे.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, चहाचे कागदी कप हातात घेऊन, मी भाचीला मनिलाची गोष्ट सांगितली.

भारताच्या महिलांचा रग्बी संघ पहिल्यांदा बांधला गेला तो २००९ मध्ये, सेव्हन्ससाठी. पंधरा-पंधराची मोठी रग्बी, ऐंशी मिनिटांची, त्या खेळायला लागल्या २०१८ मध्ये. पहिल्याच स्पर्धेत सिंगापूरने हरवलं, फिलिपीन्सने हरवलं. पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेच्या पहिल्या श्रेणीसाठी त्या फिलिपीन्सला गेल्या. यजमानांकडून पुन्हा हार. आता तिसऱ्या क्रमांकासाठी समोर सिंगापूर, आदल्या वर्षी ज्यांनी हरवलं तेच.

कर्णधार होती पुण्याची वाहबीझ भरूचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट. वेगात धावणारी स्वीटी कुमारी बिहारच्या एका गावातली, अॅथलेटिक्समधून रग्बीकडे आलेली. आणि सुमित्रा नायक ओडिशाच्या जाजपूरची, भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, आदिवासी मुलांच्या त्या मोठ्या निवासी शाळेत शिकलेली. याच शाळेची चौदा वर्षांखालची मुलं २००७ मध्ये लंडनला जाऊन आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा जिंकून आली होती, त्यांच्यावर पुढे 'जंगल क्राय' नावाचा चित्रपट निघाला. म्हणजे बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: आपल्याकडे रग्बी भुवनेश्वरच्या वसतिगृहातली मुलगी खेळते, बिहारच्या खेड्यातली खेळते, पुण्याच्या कॅम्पातल्या पारशी घरातलीही खेळते. जिमखान्याच्या व्हरांड्यातून ज्यांना कोणी आत बोलावलं नसतं, त्यांनीच हा खेळ आपला केला.

२२ जूनचा तो सामना शेवटपर्यंत कोणाच्याच हातात नव्हता. वेळ संपत आली तेव्हा सिंगापूर एका गुणाने पुढे होतं, १९-१८. भारताला दंडाची लाथ मिळाली. चेंडू छोट्याशा प्लास्टिकच्या बैठकीवर उभा करून ठेवतात, मग बाकी सगळे थांबतात. एरवी एकेका खेळाडूवर चार-चार जणी तुटून पडणाऱ्या या खेळात अचानक मैदानावर एकच मुलगी हलत असते. तिला पाहिजे तेवढं मागे जाता येतं, पाहिजे तेवढा श्वास घेता येतो, आणि त्यामुळेच ते कठीण. ती मुलगी होती सुमित्रा, वय वर्षं एकोणीस-वीस. तिने चेंडू खांबांच्या मधून घातला. २१-१९. उरलेली मिनिटं बाकीच्यांनी सिंगापूरला रेषेपाशी येऊ दिलं नाही.

पंधराच्या रग्बीत भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. शेवटची शिट्टी वाजल्यावर त्या एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या, त्याचा छोटा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला आणि मलाही आला. कांस्यपदकाच्या सामन्यानंतर कोणी असं रडतं का, असं त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं. मला विचाराल तर त्या रडण्यात एका वर्षाच्या पराभवांचा हिशेब नव्हता. दहा वर्षं सरावाला मैदान मागत फिरणं, घरच्यांना अर्धी चड्डी घालून खेळायची परवानगी मागणं, लग्नाच्या गोष्टी टाळणं, आणि एवढं करून सामन्याला आपल्या माणसांतलं कोणीही नसणं, हे सगळं त्यात होतं. मनिलातल्या त्या मैदानावर भारतीय प्रेक्षक असे किती असणार? त्या आपल्याच बाकावरच्या मुलींकडे धावल्या, कारण धावत जायला दुसरं कोणी नव्हतं.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या इथे का नाही खेळत?"

या लीगमध्ये मुलांचेच संघ होते. फलकांवर, जाहिरातींत, समोरच्या मोठ्या पडद्यावर वाहबीझ, स्वीटी किंवा सुमित्रा यांच्यापैकी कोणी मला दिसलं नाही. लीग भरवणाऱ्यांचं काम लहान नाही; पंधरा दिवस पावसाळ्यात एका पालिकेच्या मैदानावर जगातले खेळाडू आणून त्यांनी खेळ दाखवला, आणि त्या बारीक मुलासारख्या पोरांना तेवढ्या दिवसांत जे शिकायला मिळालं ते एरवी पाच वर्षांत मिळालं नसतं. पण भारतीय रग्बीत आजवर मान उंचावणारे निकाल जास्त करून मुलींनी आणलेत. २०२२ मध्ये जकार्तात आशियाई सेव्हन्स ट्रॉफीचं रौप्य. २०२४ मध्ये काठमांडूत पुन्हा रौप्य. तिथे अंतिम सामन्यात फिलिपीन्सकडून अवघ्या दोन गुणांनी, ५-७ अशी हार. एक लाथ खांबातून गेली असती तर सामना बरोबरीत आला असता. यातलं काहीही आपल्या शहरात कोणी पाहिलेलं नाही.

महाराष्ट्राला तर हा खेळ परका मानायचा हक्कच नाही. मुलींची रग्बी या देशात रुजवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. २०१२ मध्ये आशियाई महिला सेव्हन्स स्पर्धा पुण्यातच झाली होती. नेहा परदेशीसारखी पुण्याची मुलगी पुढे देशाची कर्णधार झाली. खो-खो, कबड्डी, अॅथलेटिक्स खेळलेल्या पोरी, ज्यांना सूर मारायची, मातीत घसरायची, अंगाला अंग भिडवायची भीती नाही, अशा महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. माझ्या शेजारी एक उभी होती.

दुसरा सामना सुरू झाला तेव्हा पावसाने जोर धरला. पुढच्या रांगांतले काही जण मागे छताखाली सरकले. आम्ही जागा सोडली नाही, शेजारच्या त्या ईशान्येकडच्या मुलांनीही सोडली नाही. त्यांच्यातल्या एका मुलीने भाचीला 'स्क्रम' समजावून सांगितला: सेव्हन्समध्ये तीन विरुद्ध तीन, डोकी एकमेकांच्या खांद्यांत अडकवून रेटायचं, चेंडू मधे टाकायचा आणि पायाने मागे ओढायचा. पंधराच्या खेळात हेच आठ विरुद्ध आठ असतं. ती स्वतः शाळेत खेळलेली होती. मान कशी ताठ ठेवायची, पाठ कशी सपाट ठेवायची हे तिने भाचीच्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं. हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांत त्यांचं जे काही चाललं होतं ते मी मधे न पडता बघत राहिले.

जून महिना आणि रग्बी यांचं काही नातं असावं. २४ जून १९९५ ला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला जादा वेळेत १५-१२ असं हरवून विश्वचषक जिंकला. वर्णभेदाच्या काळात तो हिरवा संघ गोऱ्यांचा म्हणून काळे लोक त्याच्या हरण्याची वाट बघत. त्या दिवशी नेल्सन मंडेला तीच हिरवी जर्सी घालून, पाठीवर कर्णधार पिनारचा सहा आकडा घेऊन मैदानात आले. जोएल स्ट्रान्स्कीच्या लाथेने सामना जिंकला हे खरं, पण तीस वर्षांनी लोकांना आठवते ती जर्सी. मंडेला तिथे काय म्हणून गेले होते? प्रेक्षक म्हणूनच. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाला कळलं होतं की आपण तिथे असण्याने त्या विजयाचे मालक बदलतील.

आणि आपल्याकडेही हे घडतं, घडवलं तर. २०२५ मध्येच, ऑक्टोबरच्या ३० तारखेला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, महिलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भांडुपला जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि ३३९ चं लक्ष्य भारताने गाठलं. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून हरमनप्रीतच्या संघाने चषक घेतला. स्टेडियम खच्चून भरलेलं, मध्यरात्र उलटून गेली तरी लोक जागचे हलले नव्हते. मुलुंडच्या आमच्या इमारतीतसुद्धा फटाके वाजले. महिलांचं क्रिकेट बघायला कोण येणार, असं विचारणारे आमच्याच इमारतीत होते, आणि फटाके त्यांनीच आणले होते. मला त्यांचा आनंद खरा वाटला.

लीगचा अंतिम सामना २९ जूनला झाला. चेन्नई बुल्सनी दिल्ली रेड्झना ४१-० असं धुऊन काढलं. तो आम्ही घरी टीव्हीवर बघितला. भाची आता मला नियम सांगायला लागली होती.

लीगनंतर लगेच ऑगस्टमध्ये, ९ आणि १० तारखेला, बिहारमधल्या राजगीरला वीस वर्षांखालच्या मुलामुलींची आशियाई सेव्हन्स स्पर्धा भरली. स्वीटी कुमारीच्या राज्यात, नालंदेपासून हाकेच्या अंतरावर. आपल्या मुलींनी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात उझबेकिस्तानला १२-५ असं हरवून कांस्य मिळवलं. या खेपेला शिट्टी वाजली तेव्हा गॅलरीत आपली माणसं होती. निकाल कळला तसा भाचीने पहिला प्रश्न केला, "मावशी, राजगीरला कसं जायचं?" लोकमान्य टिळक टर्मिनसवरून पाटण्याची गाडी, तिथून पुढे शंभरेक किलोमीटर, मी सांगितलं. दिवस-दीड दिवसाचा प्रवास. ती म्हणाली, "जाऊया."

जाऊच. पण मला महिलांची अशी एक स्पर्धा अंधेरीतही हवी आहे. राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय याच शहरात आहे, मैदान महापालिकेचं आहे, त्यावर दोन आठवडे पावसात सामने होऊ शकतात हे सिद्ध झालंय, मेट्रो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या शाळांमधल्या कबड्डीच्या आणि खो-खोच्या मुलींना नुसत्या बसने आणलं तरी अर्धी गॅलरी भरेल. उरलेली अर्धी भरायला मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीची माणसं लागतील. मी आमच्या इमारतीपासून विचारायला सुरुवात केली आहे, आणि फटाके आणणाऱ्या काकांनी दोन तिकिटांसाठी नाव दिलंय.